कंपनीचा एसएमपीएस काढून साधा एटीएक्स बसवला: माझा अनुभव

कॉम्प्युटर आपोआप रीस्टार्ट व्हायला लागला की बहुतेकांचा संशय आधी रॅमवर जातो, मग विंडोजवर. माझ्या डेस्कटॉपचं दुखणं मात्र ठराविक वेळीच डोकं वर काढायचं. टायपिंग करा, दहा टॅब उघडा, काही होत नसे. व्हिडिओ रेंडरला लावला की थोड्याच वेळात स्क्रीन काळी आणि मशीन पहिल्यापासून सुरू. निळी स्क्रीन नाही, एरर नाही. लोड आल्यावरच असं होत असेल तर आधी वीजपुरवठा तपासावा, म्हणजे घरातली वीज कॉम्प्युटरला लागेल तशी करून देणारा डबा, एसएमपीएस.

मदरबोर्डच्या पॉवर कनेक्टरमध्ये वायर जिथून आत शिरते, तिथे मागच्या बाजूने मल्टिमीटरचा प्रोब सरकवला आणि रेंडर सुरू केला. 12 व्होल्टची लाइन 11.9 वरून हळूहळू उतरत 11.2 वर आली आणि मशीन बंद पडलं. डेस्कटॉपच्या एसएमपीएसचं नेहमीचं मानक म्हणजे एटीएक्स, त्याच्या नियमात या लाइनला 5 टक्क्यांची सूट असते, म्हणजे खाली 11.4 पर्यंत. दोषी सापडला. एसएमपीएस उघडून कपॅसिटर बदलायचा विचार मी केला नाही. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरवर 300 व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो. ज्याचा त्यात हात बसलेला आहे, त्यानेच ते करावं.

एसएमपीएस बदलणं एरवी अर्ध्या तासाचं काम. पण हा डेस्कटॉप ब्रँडेड होता आणि मदरबोर्डवर नेहमीच्या 24 पिनच्या जागी 6 पिनचं सॉकेट होतं. तसाच नवीन एसएमपीएस मिळेना. मिळत होते ते दुसऱ्या मशीनमधून काढलेले, म्हणजे तितकेच म्हातारे. प्रोसेसर, रॅम, बोर्ड सगळं धडधाकट, आणि केवळ एका कनेक्टरपायी अख्खं मशीन भंगारात घालायचं हे मला पटत नव्हतं. आजही पटत नाही.

अशा बोर्डात काय वेगळं असतं ते आधी नीट समजून घेतलं. 1995 साली इंटेलने एटीएक्स आणलं, तेव्हापासून साधा एसएमपीएस 12, 5 आणि 3.3 असे तिन्ही व्होल्टेज स्वतः तयार करून बोर्डाला देतो. माझ्यासारख्या ब्रँडेड मशीनमध्ये एसएमपीएस फक्त 12 व्होल्ट देतो. 5 आणि 3.3 बोर्ड स्वतः बनवतो, हार्ड डिस्कलाही वीज बोर्डावरूनच जाते. कल्पना चांगलीच आहे. वायरी कमी होतात, वीजही वाचते. इंटेलने पुढे एटीएक्स12व्हीओ नावाने हीच पद्धत 10 पिनच्या कनेक्टरसह स्वीकारली. अडचण इतकीच, की त्याआधी प्रत्येक कंपनीने आपापला कनेक्टर काढला होता आणि कुठली पिन कशासाठी हेही आपापलं ठरवलं होतं.

म्हणून कनेक्टर बसतो की नाही यावर जाऊच नये. 1990च्या दशकाच्या अखेरीस डेलच्या काही डेस्कटॉपमध्ये हुबेहूब एटीएक्ससारखा दिसणारा कनेक्टर होता, पण आतल्या वायरींचा क्रम वेगळा. साधा एसएमपीएस त्यात आरामात बसायचा आणि नुकसान करायचा. वायरीच्या रंगाचंही तसंच. एटीएक्समध्ये पिवळी 12 व्होल्टची, जांभळी 5 व्होल्ट स्टँडबायची (मशीन बंद असतानाही चालू राहणारी), हिरवी चालू करण्याची, करडी ‘पॉवर गुड’ची. कंपनीच्या एसएमपीएसमध्ये हे रंग पाळलेच असतील याची खात्री कोण देणार?

जुना एसएमपीएस मरायला टेकला होता, पण मेला नव्हता. त्याचा मला मोठा उपयोग झाला. तो बाहेर काढला, प्लग न लावता मीटर बझरवर ठेवला (दोन टोकं आतून जोडलेली असली की तो वाजतो) आणि त्याच्या लोखंडी बॉडीपासून एकेक पिन तपासली. जिथे बझर वाजला त्या ग्राउंडच्या. मग प्लग लावला. एका पिनवर 12 व्होल्ट आधीपासूनच हजर होते, म्हणजे ती स्टँडबायची. दुसऱ्या एका पिनवर 5 च्या आसपास. ती चालू करण्याची असणार असा अंदाज होता. ती थेट ग्राउंडला न जोडता मधे 1 किलोओहमचा रेझिस्टर धरला, म्हणजे अंदाज चुकला तरी करंट फार वाहणार नाही. पंखा फिरला. आता उरलेल्या पिनांपैकी एक 12 व्होल्टची निघाली आणि एक किंचित उशिरा वर आली, ती ‘पॉवर गुड’. पुरवठा स्थिर झाला, आता सुरू हो, असं एसएमपीएस बोर्डाला त्या पिनवरून सांगतो. हे सगळं कागदावर कनेक्टरचं चित्र काढून लिहून ठेवलं, खटका कुठल्या बाजूला आहे तेसुद्धा. तो कागद नसेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

सगळी मेख होती त्या स्टँडबायमध्ये. मशीन बंद असतानाही पॉवर बटणाकडे लक्ष ठेवणारं सर्किट या स्टँडबायवर चालतं. एटीएक्समध्ये ती लाइन 5 व्होल्टची असते आणि माझा बोर्ड मागतो 12. म्हणून 24 पिनचा नुसता वायरींचा अडॅप्टर चालणार नव्हता. त्यात 5 चे 12 करणारी छोटी बूस्ट सर्किटची पट्टी हवी. नेमक्या मॉडेलसाठीचा असा अडॅप्टर मिळतो. तो आल्यावर सरळ बोर्डाला लावला नाही. नव्या एसएमपीएसला जोडून, बोर्डापासून दूर, त्याची प्रत्येक पिन कागदाशी ताडून पाहिली. स्टँडबायला 12.1 आले. रेझिस्टरने चालू केल्यावर बाकीच्या पिनाही जुळल्या.

आणखी एक गोष्ट डोक्यात घोळत होती. 24 पिनच्या कनेक्टरमध्ये 12 व्होल्टच्या वायरी दोनच असतात. प्रोसेसरला वेगळा 4 पिनचा कनेक्टर असतो, पण बाकी अख्खा बोर्ड, त्यातून बनणारे 5 आणि 3.3, शिवाय ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटला लागू शकणारे 75 वॅट, हे सगळं त्या दोन वायरींवरून जाणार. म्हणून हार्ड डिस्क आणि एसएसडीचं पॉवर बोर्डावरून काढलं आणि नव्या एसएमपीएसच्या साटा वायरींवर (डिस्कसाठीच्या पॉवर वायरींवर) टाकलं. बोर्डावरचा आणि अडॅप्टरवरचा तेवढा भार हलका झाला. मोठं ग्राफिक्स कार्ड कुणाला लावायचं असेल तर एसएमपीएसकडून थेट 6 किंवा 8 पिनची वायर घेणारं निवडावं.

बसवताना स्क्रूची भोकं जुळली. एटीएक्सची मागची बाजू 150 बाय 86 मिलिमीटरची असते आणि माझ्या कॅबिनेटने निदान तेवढं पाळलं होतं. पण जुन्याचा पंखा मागच्या बाजूला होता, नव्याचा 120 मिलिमीटरचा पंखा रुंद बाजूला. एका तऱ्हेने ठेवला तर पंख्याचं तोंड कॅबिनेटच्या सपाट पत्र्याला चिकटत होतं, म्हणजे हवा घ्यायला जागाच नाही. पंखा बोर्डाच्या दिशेने येईल असा फिरवून बसवला. खरेदीच्या आधी कॅबिनेटमधली एसएमपीएसची जागा किती खोल आहे तेही मोजावं, कारण 140 मिलिमीटरपेक्षा लांब एसएमपीएस भरपूर आहेत आणि वायरी वळवायलाही जागा लागते.

बटण दाबल्यावर मशीन सुरू झालं. तोच रेंडर लावला, तिथेच प्रोब धरला: 12.05, आणि लोडवर 11.93. तासाभराने अडॅप्टरच्या कनेक्टरला हात लावून पाहिला, जेमतेम कोमट. हात ठेववणार नाही इतका तापला असता तर तिथेच थांबलो असतो.

एक मर्यादा मात्र राहिली आहे. नव्या एसएमपीएसची 5 व्होल्ट स्टँडबाय 2.5 अँपिअरची, म्हणजे 12.5 वॅटची. बूस्ट होताना थोडी वीज वाया जाते, तेव्हा बोर्डाला 12 व्होल्टवर 1 अँपिअरसुद्धा पुरता मिळत नाही. जुन्याच्या लेबलवर यापेक्षा जास्त लिहिलं होतं. स्लीपमध्ये काही त्रास दिसत नाही, पण मशीन बंद असताना यूएसबीवर फोन चार्ज करण्याची सोय मी बायोसमधून बंद केली आहे.