लघवीचा रंग आणि क्षयाच्या गोळ्या: माझा अनुभव

२०२२ च्या दिवाळीत माझे नाक सतत चोंदलेले असे आणि सकाळी शिंकरले की रक्ताळलेल्या खपल्या निघत. पुढे कानांना दडे बसले, गुडघे आणि घोटे आळीपाळीने दुखू लागले, संध्याकाळी कणकण येऊ लागली. मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. तेव्हा माझे वय ५४ होते आणि सलग दोन तास उभे राहून शिकवणेही मला जड जात होते. डिसेंबरमध्ये छातीच्या एक्स-रेत दोन डाग दिसले. थुंकीत क्षयाचे जंतू सापडले नव्हते, तरी ताप, घटलेले वजन आणि ते डाग पाहून आमच्या डॉक्टरांनी क्षयाची औषधे सुरू केली. आपल्याकडे क्षय इतका आढळतो की त्या निदानाविषयी मलाही शंका आली नाही.

त्या औषधांतल्या रिफॅम्पिसिनमुळे लघवी नारिंगी-लाल होते, हे मला पहिल्याच दिवशी सांगण्यात आले होते. म्हणून जानेवारीच्या अखेरीस ती कोऱ्या चहासारखी दिसू लागली, तेव्हा मी तो गोळीचाच रंग समजले. तिच्यावर फेसही टिकून राहत होता आणि फेसाचा त्या गोळीशी काहीही संबंध नव्हता, ही गोष्ट मला आजही सलते. औषध सुरू करताना किंवा नंतरच्या दोन भेटींत लघवीची तपासणी कोणी सांगितली नाही, आणि मीही ती मागितली नाही.

फेब्रुवारीत पायांवर सूज आली, बोट दाबले की खळगा राहू लागला, आणि माझ्या जाऊबाई मला हाताला धरून प्रयोगशाळेत घेऊन गेल्या. लघवीत भरपूर प्रथिने आणि असंख्य तांबड्या पेशी निघाल्या. मूत्रपिंडे नीट गाळत नसली की रक्तात साचणारे क्रिएटिनिन ऑक्टोबरमध्ये ०.९ होते, ते ४.८ झाले होते. त्याच रात्री आम्ही खंबाटकी घाट उतरून पुण्याला गेलो.

तिथल्या मूत्रपिंडविकारतज्ज्ञांनी पहिला प्रश्न नाकाविषयी विचारला. नाक, फुफ्फुस, सांधे आणि मूत्रपिंड हे सगळे एकाच आजाराचे भाग असू शकतात, असे मला प्रथमच कोणी सांगत होते. आपल्या रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींमधील प्रथिनांविरुद्ध शरीर प्रतिपिंडे तयार करते, त्यांना अँका म्हणतात. त्यांच्यामुळे चेतवलेल्या या पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात आणि त्या भिंतीच जाळू लागतात. मूत्रपिंडातली प्रत्येक गाळणी म्हणजे अशाच केशवाहिन्यांचा गुंता असल्यामुळे तिथे हानी फार वेगाने होते. माझ्या रक्तात त्यांपैकी पीआर-३ या प्रथिनाविरुद्धची अँका निघाली. आजाराचे नाव ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस, म्हणजे जीपीए.

बायोप्सीसाठी, म्हणजे मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासण्यासाठी, मला पोटावर पालथे झोपवून, पाठ बधिर करून, सोनोग्राफीच्या साहाय्याने सुई घातली. सुई सुटताना टक् असा आवाज होतो, त्याची पूर्वकल्पना दिली होती म्हणून मी दचकले नाही. नंतर रक्तस्राव होऊ नये म्हणून २४ तास उताणे पडून राहावे लागले. तुकड्यातल्या १८ गाळण्यांपैकी १० मध्ये चंद्रकोरी होत्या. फुटलेल्या केशवाहिन्यांतून बाहेर आलेल्या द्रव्यामुळे आणि वाढलेल्या पेशींमुळे गाळणीच्या कडेला जो थर साचतो, त्याला त्याच्या आकारावरून हे नाव आहे. कपाळावर लावायच्या त्या आकाराचे नाव अशा अहवालाच्या संदर्भात ऐकताना मला रडू आवरले नाही. त्यातल्या बहुतेक चंद्रकोरी ताज्या होत्या, म्हणजे अजून त्यांचा कायमचा व्रण झालेला नव्हता, आणि डॉक्टरांची सगळी आशा त्या एका शब्दावर होती.

अहवालाची वाट न पाहता मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचे सलाईन तीन दिवस दिले गेले होते. दुर्बिणीने फुफ्फुसातला द्रव काढून केलेली, क्षयाचे जंतू शोधणारी सीबीनॅट चाचणीही क्षयाविरुद्ध गेली आणि क्षयाची औषधे थांबली. रिफॅम्पिसिनमुळे स्टेरॉइड शरीरात लवकर नष्ट होते, त्यामुळे ते थांबणे दुहेरी गरजेचे होते. तरीही क्रिएटिनिन ६.१ पर्यंत चढले आणि मानेतल्या नळीतून तीन वेळा डायलिसिस करावे लागले. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रवभाग, बदलण्याचा विषय माझ्या भावाने काढला. डॉक्टरांनी २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, ७०४ रुग्णांवरच्या पेक्सिव्हास या अभ्यासाचा दाखला दिला: प्लाझ्मा बदलल्याने मृत्यू किंवा कायमचे मूत्रपिंड निकामी होणे एकत्रितपणे कमी झाले नव्हते. फुफ्फुसात रक्तस्राव नसल्याने आम्ही तो मार्ग सोडला. त्याच अभ्यासात स्टेरॉइडची मात्रा लवकर उतरवणेही तितकेच परिणामकारक ठरले होते, आणि माझी मात्रा त्याच पद्धतीने उतरवण्यात आली.

मुख्य औषध प्रतिकारशक्ती दाबणारे सायक्लोफॉस्फामाइड होते. वय आणि मूत्रपिंडाची अवस्था पाहून मात्रा कमी केली होती. पहिले तीन डोस दोन-दोन आठवड्यांनी आणि पुढचे तीन तीन-तीन आठवड्यांनी मिळाले. मूत्राशयाला इजा होऊ नये म्हणून सोबत मेस्ना दिले जाई आणि प्रत्येक डोसाआधी पांढऱ्या पेशी मोजल्या जात. फुफ्फुसातल्या एका विशिष्ट संसर्गापासून संरक्षण म्हणून आठवड्यातून तीनदा को-ट्रायमॉक्झॉल घ्यावे लागे. चेहरा गोल झाला, झोप उडाली, साखर वाढून काही महिने इन्सुलिन घ्यावे लागले. हे सगळे सोसता आले, कारण तिसऱ्या डोसापर्यंत लघवी वाढली होती, डायलिसिसची नळी निघाली होती आणि क्रिएटिनिन ३ च्या खाली आले होते.

मे महिन्यात मात्र कमरेवर नागीण उठली. घरी गेरूचा लेप सुचवला गेला आणि तिने कमरेला विळखा पूर्ण घातला तर माणूस वाचत नाही, हे भयही बोलून दाखवले गेले. प्रतिकारशक्ती दाबलेली असताना नागीण पसरू शकते, एवढे मला ठाऊक होते. मी त्याच दिवशी फोन केला आणि मूत्रपिंडाला झेपेल अशा कमी मात्रेत विषाणूविरोधी औषध सुरू झाले. फोड सुकले, पण कमरेची आग दोन महिने टिकली. या आजारात स्वतःचे शरीरच शत्रू असते आणि ते शांत केले की बाहेरचे शत्रू आत येतात. या उपचारातला खरा अवघड भाग मला हाच वाटतो.

जूनपासून रिटक्सिमॅब सुरू झाले. आजार पुन्हा उसळू नये म्हणून ५०० मिलिग्रॅमचे दोन डोस दोन आठवड्यांच्या अंतराने आणि नंतर दर सहा महिन्यांनी एक, असा क्रम होता. त्याआधी कावीळ बी ची तपासणी केली जाते, कारण दबलेला विषाणू या औषधाने जागा होऊ शकतो. भारतात २००७ पासून या औषधाची देशी आवृत्ती मिळते. ती नसती तर हा खर्च आमच्या घराच्या आवाक्याबाहेर गेला असता.

१९५८ सालच्या एका ब्रिटिश पाहणीत या आजाराच्या उपचार न झालेल्या रुग्णांचे सरासरी आयुष्य पाच महिने आढळले होते, हे मी बरे वाटू लागल्यावर वाचले. आता माझे क्रिएटिनिन १.९ वर स्थिरावले आहे. मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता मिनिटाला साधारण ३१ मिलिलिटर आहे, ती पूर्वीसारखी होणार नाही. अंगदुखीच्या गोळ्या आणि कुणी सुचवलेली भस्मे मी घेत नाही. दर रविवारी सकाळी मी लघवीत तपासणीची पट्टी बुडवते, तिचा रंग डबीवरच्या तक्त्याशी ताडून पाहते आणि शाळेच्या जुन्या वहीत तारखेसह लिहून ठेवते. गेल्या रविवारी प्रथिने ‘१+’, म्हणजे थोडी, होती आणि रक्ताचा चौकोन पिवळाच राहिला होता, म्हणजे रक्त नव्हते.