दोन आणि आठ

चतुर्थीला आलेले पाहुणे परतले की वेंगुर्ल्याच्या आमच्या घरात दुपारला एक सैलपणा येतो. अशाच एका दुपारी पडवीत बसून मी ब्राउझरमध्ये पत्र लिहीत होते. एक ओळ निवडली, हवी तिथे माउसचे चाक दाबले, आणि ओळ उमटण्याऐवजी ब्राउझर मागच्या पानावर निघून गेला.

लिनक्स या संगणकप्रणालीवर ज्यांचा हात बसला आहे त्यांना ही सवय समजावून सांगायला नको. मजकूर निवडला की तो उचलला जातो, चाक दाबले की उतरतो. कंट्रोल-सीची गरजच पडत नाही. मला या सवयीची इतकी चटक आहे, की नुसते वाचतानाही मी वाक्ये निवडत जाते आणि शेजारी बसलेल्याला उगाच वाटते, की मी काहीतरी महत्त्वाचे टिपून घेत आहे.

अशा वेळी सेटिंगच्या खिडक्या उघडत बसणे मला पटत नाही. माउसला काय म्हणायचे आहे ते आधी ऐकावे आणि मग कोणाला दोष द्यायचा ते ठरवावे. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, एक्सईव्ही हा छोटा प्रोग्राम चालवला, की आत एक छोटा चौकोन असलेली कोरी पांढरी खिडकी उघडते आणि तिच्यावर जे दाबावे त्याचा क्रमांक टर्मिनलमध्ये उमटतो. डावे बटण १, उजवे ३, इथपर्यंत ठीक होते. चाक दाबल्यावर २ यायला हवे होते, तिथे ८ आले. आणि अंगठ्याजवळचे, एरवी मागे नेणारे बटण २ म्हणत होते.

३ आणि ८ यांच्या मधल्या क्रमांकांची गंमत मला अजूनही पुरेशी ओसरलेली वाटत नाही. पडद्यावरच्या खिडक्या आणि माउस सांभाळणारी माझ्या लिनक्सवरची यंत्रणा, एक्स ११, ही १९८७ सालची. तेव्हाच्या माउसला चाक नव्हते. पुढे चाक आले, तेव्हा त्यालाही बटण समजूनच सांभाळून घेतले गेले: वर एक खाच फिरवली की ४ क्रमांकाचे बटण दाबून सोडल्यासारखे, खाली फिरवली की ५. आडव्या सरकण्याने ६ आणि ७ घेतले, म्हणून अंगठ्याच्या बटणांच्या वाट्याला थेट ८ आणि ९ आले. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मात्र हा हिशेब मानत नाही. त्याच्या लेखी डावे २७२, उजवे २७३, मधले २७४. माउसचे निरोप कर्नलकडून घेणाऱ्या लिबइनपुटचे डीबग-इव्हेंट्स चालवून चाक दाबले, तर तिथे २७४ स्वच्छ दिसले. म्हणजे माउस खरे बोलत होता. त्याचा निरोप वाटेत कोणीतरी बदलत होते.

एक्समधली माउसची मांडणी दाखवणाऱ्या आणि बदलणाऱ्या एक्सइनपुट या आज्ञेला बटणांचा नकाशा विचारला. उत्तर आले: १ ८ ३ ४ ५ ६ ७ २ ९. दुसऱ्या जागी ८, आठव्या जागी २. एवढी नेमकी अदलाबदल आपोआप होत नसते.

मी लहान असताना एका पावसाळ्यात आमच्या माजघरातली बटणांची लाकडी फळी जळाली होती. वायरमनने नवी बसवली, तेव्हा माजघराच्या आणि अंगणाच्या दिव्यांच्या तारा एकमेकींच्या जागी लागल्या. त्याला परत बोलवायचे रोज ठरे. पण भातलावणी आली, मग चतुर्थी आली आणि तोवर आजीचा हात काळोखात भिंत चाचपत नव्या जागी बिनचूक जाऊ लागला. पुढे वायरमन दुसऱ्याच कामाला आला आणि तारा पूर्ववत करतो म्हणाला, तेव्हा आजीने त्याला चहा दिला आणि फळीला हात लावू दिला नाही. पाहुणा माजघरात उजेड करायला जाई आणि बाहेर अंगण उजळे, मग स्वयंपाकघरातून आवाज येई, “तां न्हय, बाजूचां दाब!”

एक्सइनपुटने केलेला बदल लॉगआउट केल्यावर टिकत नाही, म्हणजे तो कुठेतरी लिहून ठेवलेला असणार. माझ्या होम फोल्डरातल्या, लॉगिनच्या वेळी वाचल्या जाणाऱ्या एक्सप्रोफाइल या लपलेल्या फाइलमध्ये तो सापडला. लिहिणाऱ्याने माउसचा आयडी न देता नाव दिले होते, कारण आयडी माउस काढून पुन्हा लावला की बदलू शकतो. नावाआधी ‘पॉइंटर’ असेही जोडले होते, कारण काही वायरलेस माउस एकाच नावाने कीबोर्ड म्हणूनही यादीत हजेरी लावतात. एवढी शिस्त आमच्या घरी फक्त पुण्याच्या भाच्याकडे आहे. त्या ओळीच्या वर, # या चिन्हापुढे त्याने लिहिले होते: “मावशी, चाक रुततं, दाबताना फिरतं. अंगठा वापर.”

ते खरेच होते. खाऱ्या हवेत इथे बिजागऱ्यासुद्धा टिकत नाहीत. चाकाखालच्या इवल्याशा स्विचची काय कथा? दाबायला जावे तर चाक आधी एक खाच सरके आणि मजकूर भलत्याच ओळीत जाऊन पडे. माझ्या लेखी तो पावसाळ्याचा दोष होता आणि मी तो सहन करत आले होते.

नकाशा मी तसाच ठेवला, फक्त दुसऱ्या जागेवरचा ८ खोडून तिथे शून्य लिहिले. शून्य लिहिलेले बटण एक्सला ऐकूच येत नाही. जुन्या सवयीने बोट चाकावर गेले, तरी निदान पत्र हातचे जात नाही. मागच्या पानावर जायला आल्ट आणि डावा बाण आहेतच. भाचा पुढच्या वेळी आला की शून्य कोणी लिहिले म्हणून विचारील, विचारू दे.