आधी इंजिन का नाही?

माझ्या १९६८च्या फियाट ५००चं काम बघायला येणारे बहुतेक जण एकच विचारतात. गाडी कधीपासून उघडीबोडकी उभी आहे, इंजिन कोपऱ्यात झाकून ठेवलंय. आधी ते चालू करून का घेतलं नाही? तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

या गाडीला वेगळी चासी नाही. जो पत्रा दिसतो, तोच तिचा सांगाडा. इटलीतल्या तुरीनमध्ये फियाटचे इंजिनिअर दान्ते जियाकोझा यांनी ती आखली, १९५७ साली ती बाजारात आली. लांबी तीन मीटरच्या आत, वजन जेमतेम पाचशे किलो. अंगाला सगळीकडे गोलाई आहे, कारण वळवलेला पातळ पत्रा सपाट पत्र्यापेक्षा जास्त ताठ राहतो. छपराचा मोठा भाग मात्र कापडी, घडी घालून मागे सरकवता येणारा. त्यामुळे वरून आधार कमी आणि सगळा भार फ्लोअर, त्याच्या मधोमध जाणारा पत्र्याचा बोगदा आणि सिलवर, म्हणजे दारांखालच्या पत्र्याच्या पट्ट्यांवर. ते कुजले असतील, तर उत्तम इंजिन बसवूनही तुम्ही धोकादायक गाडीच चालवणार.

गंज लागतो तोही नेमका तिथेच. रबरी मॅटखाली पाणी साचून राहतं आणि फ्लोअर खालून-वरून दोन्हीकडून खाल्ला जातो. बॅटरी पुढे, बॉनेटखाली. तिचं ॲसिड सांडलं की खालचा पत्रा चाळणी होतो. सिल आतून पोकळ, त्यामुळे बाहेरचा रंग चकचकीत असतानाही आत काही उरलेलं नसतं. भोकांवर लांबी (पुट्टी) भरून रंग मारलेल्या गाड्या बघितल्या की मला खरंच राग येतो. गाडी विकायला ते पुरतं. धडक झाली तर आत बसलेल्याला त्या लांबीचा काहीच उपयोग नसतो.

सिल कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे पाइप वेल्ड करून घ्यावे लागतात. नाहीतर जुना पत्रा सुटताच गाडी मध्ये वाकते आणि नवा पत्रा त्या वाकलेल्या मापावर कायमचा बसतो. एका वेळी एकच बाजू कापायची. नवी सिल आधी नुसते वेल्डिंगचे टाके मारून धरायची, दार लावून चहूबाजूंची फट बघायची, मगच पूर्ण वेल्डिंग. तेही थोडं इथे, थोडं तिथे, कारण सलग वेल्ड केलं तर उष्णतेने पत्रा ओढला जातो. या कामाला घाई चालत नाही. दार हलक्या हाताने लोटल्यावर नीट बसतं, तेव्हा मला जो आनंद होतो, तो इंजिनाच्या पहिल्या आवाजानेही होत नाही.

इंजिनाचं म्हणाल, तर ते या गाडीतलं सरळ काम. ४९९.५ सीसी, दोन सिलिंडर, हवेवर थंड होणारं. ना रेडिएटर, ना पाण्याचा पंप. मागचा पत्रा काढला की दोघांनी मिळून ते बाहेर काढता येतं. एक गोष्ट मात्र हमखास विसरली जाते: ऑइलमधला गाळ क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुलीतल्या फिरत्या फिल्टरमध्ये साठतो. लोक वर्षानुवर्षं ऑइल बदलतात, ती पुली कुणी उघडत नाही. उघडलीत तर आतला घट्ट काळा थर खरवडून काढा. इंजिन थंड असताना व्हॉल्व्हची फट ०.१५ मिलिमीटर ठेवा.

तुम्ही अशी गाडी घ्यायला जाणार असाल, तर टॉर्च, छोटं लोहचुंबक आणि अंगावर जुने कपडे, एवढी तयारी करा. मालक आधी इंजिन ऐकवायला बघेल. तुम्ही मॅट उचला, बॅटरीखाली हात घाला, आडवे होऊन सिलवर चुंबक फिरवा. जिथे ते चिकटत नाही तिथे लांबी आहे असं समजा, आणि तेवढा पत्रा नव्याने घालायचा खर्च धरूनच किंमत सांगा.