नाशिक नकाशा ब्लॉक: लीफलेट आत बसवलं, पिना दिसायला लागल्या

वर्डप्रेससाठीच्या नाशिक नकाशा ब्लॉकची सध्याची स्थिती अशी: लीफलेट १.९.४ (नकाशा दाखवणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी) आता सीडीएनवरून, म्हणजे बाहेरच्या सामायिक सर्व्हरवरून, येत नाही, प्लगइनच्या बिल्डमधूनच येतं. वर्डप्रेसच्या अधिकृत प्लगइन डिरेक्टरीत अशी लायब्ररी बाहेरच्या सर्व्हरवरून ओढलेली चालत नाही, त्यामुळे हे करणं भागच होतं. पॅकेज फाइलमध्ये आवृत्तीच्या आधीचं कॅरेट चिन्ह (^, म्हणजे ‘यापुढची सुसंगत आवृत्तीही चालेल’) काढलंय. पुढच्या इन्स्टॉलला गुपचूप दुसरी आवृत्ती आली तर खालची ठिगळं उसवतील.

रामकुंड, कपालेश्वर, काळाराम, सुंदरनारायण ही ठिकाणं इतकी खेटून आहेत की पांडवलेणी आणि गंगापूर धरण एकाच चौकटीत बसवायला गेलं की पंचवटीकडे पिनांचा नुसता गुंता होतो. म्हणून जवळच्या पिना एकत्र गोळा करून दाखवणारं मार्करक्लस्टर लागतंच, आणि खरी डोकेदुखी तिथूनच सुरू होते.

लायब्ररी बंडल केली, म्हणजे आपल्याच फाइलमध्ये बांधली, की ती आपल्या फाइलपुरती राहते, असं आपण धरून चालतो. लीफलेट १.९.४ मात्र बंडलमध्ये असलं तरी विंडोवर, म्हणजे पानावरच्या सगळ्या स्क्रिप्टना दिसणाऱ्या ग्लोबल जागेत, कॅपिटल ‘एल’ हे आपलं नाव टाकतंच. साइटवर दुसरं एखादं नकाशा प्लगइन असेल तर ज्याची फाइल नंतर लोड होते त्याचा ‘एल’ टिकतो आणि आधीच्या ‘एल’ला जोडलेलं मार्करक्लस्टर गायब होतं. लीफलेटच्या नोकॉन्फ्लिक्ट फंक्शनला हाक मारली की विंडोवरचा जुना ‘एल’ परत जागेवर येतो. पण तेवढ्यावर थांबलात तर आपलंच मार्करक्लस्टर कोसळतं, कारण ते फक्त लोड होताना नाही, क्लस्टर बांधतानाही ग्लोबल ‘एल’ शोधतं.

उपाय वेबपॅकच्या (फाइल एकत्र बांधणाऱ्या साधनाच्या) प्रोव्हाइडप्लगइनमध्ये आहे. ‘एल’ म्हणजे ‘लीफलेट’ एवढी एक नोंद केली की बंडलमधला प्रत्येक सुटा ‘एल’ आपल्याच प्रतीला बांधला जातो. क्रम सांभाळा: आधी लीफलेट, मग मार्करक्लस्टर, शेवटी नोकॉन्फ्लिक्ट. वर्डप्रेस स्क्रिप्ट्सचं (वर्डप्रेसच्या बिल्ड साधनाचं) मूळ वेबपॅक कॉन्फिग इम्पोर्ट करून त्याच्या प्लगइन यादीतच ही भर घाला. यादी नव्याने लिहिलीत तर असेट फाइल बनवणारा प्लगइन उडतो आणि पीएचपीच्या बाजूला डिपेंडन्सी, म्हणजे आधी लागणाऱ्या स्क्रिप्ट, कळतच नाहीत.

आता पिना. लीफलेट एक तात्पुरता डिव्ह बनवून सीएसएसमधल्या चित्राचा पत्ता वाचतं आणि शेवटचं ‘मार्कर-आयकॉन.पीएनजी’ छाटून फोल्डर ओळखतं. वेबपॅक फाइलच्या नावात हॅश (अक्षर-आकड्यांचा तुकडा) घुसवतं, त्यामुळे छाटणी जुळत नाही आणि ब्राउझर ते चित्र चालू पानाच्या पत्त्याखाली शोधतो. निकाल ४०४, म्हणजे फाइल सापडतच नाही. साधी पिन, टू-एक्स (दुप्पट रिझोल्यूशनची) पिन आणि सावली ही तिन्ही चित्रं इम्पोर्ट करून मर्जऑप्शन्सने द्या. त्याआधी आयकॉन डिफॉल्टच्या प्रोटोटाइपवरचं गेट-आयकॉन-यूआरएल (चित्राच्या पत्त्याला फोल्डर जोडणारं फंक्शन) डिलीट करा. ते न करताही कोऱ्या साइटवर पिना छान दिसतात. मात्र दुसऱ्या प्लगइनचं लीफलेट सीएसएस पानावर असेल तर त्याचा फोल्डर आपल्या पत्त्याला पुढून चिकटतो. त्यामुळे चाचणी कोऱ्या साइटवर करून समाधान मानू नका.

लायसन्सकडे सहसा कुणी बघत नाही. लीफलेट बीएसडी टू-क्लॉजखाली आहे, म्हणजे लायसन्सचा मजकूर सोबत द्यावाच लागतो. वर्डप्रेस स्क्रिप्ट्सचं टर्सर (कोड आटवणारं साधन) अनुवादकांसाठीच्या सूचना सोडून बाकी कॉमेंट खरवडून काढतं, त्यात फाइलच्या माथ्यावरची लायसन्सची ओळही जाते. लायसन्स फाइल प्लगइनमध्ये हाताने ठेवलीय.

डेटाबद्दल एकच. जिओजेसन या ठिकाणांच्या डेटा फॉरमॅटमध्ये रेखांश आधी, लीफलेटच्या लॅटलाँगमध्ये अक्षांश आधी. रामकुंड साधारण २०.०१, ७३.७९ वर आहे. आकडे उलटले की पिन थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात. नकाशा निळाशार दिसला तर टाइल सर्व्हरवर (नकाशाची चित्रं पुरवणाऱ्या) संशय घेण्याआधी हे तपासा.

एडिटरचं काम अजून बाकी आहे. ब्लॉक एपीआय ३ मध्ये एडिटरचा कॅनव्हास आयफ्रेममध्ये, म्हणजे पानाच्या आतल्या वेगळ्या पानात, असतो, तर लीफलेट माउसची हालचाल ज्या डॉक्युमेंटवर ऐकतं ते बाहेरचं. त्यामुळे नकाशा ओढला तरी हलत नाही. तूर्तास एडिटरमध्ये ड्रॅगिंग बंद ठेवलंय, झूमची बटणं चालू आहेत, आणि मध्यबिंदू साइडबारमधल्या दोन आकड्यांच्या चौकटींतून बदलता येतो.