परकी डिस्क

दुपारी जेवणानंतर डोळे जड झाले की मी पेन ड्राइव्ह साफ करत बसतो. याला छंद म्हणता येणार नाही, खोडच आहे. आज हाताला लागला तो बऱ्याच संगणकांतून हिंडून आलेला, आणि प्रत्येकाने त्यावर काही ना काही ठेवून दिलेलं. मॅकने फोल्डरागणिक 'डॉट डीएस स्टोअर' नावाची फाइल टाकलेली, शिवाय फोटोंच्या मागे त्यांच्याच नावाच्या, पण डॉट-अंडरस्कोर लावलेल्या चिमुकल्या फाइली. विंडोजने 'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' नावाचा भारदस्त फोल्डर केलेला. लिनक्स या तिसऱ्या संगणक-प्रणालीची 'डॉट ट्रॅश-१०००'. यातला हजार हा सहसा त्या संगणकावरच्या पहिल्या माणसाचा क्रमांक. त्याने कधीतरी काही पुसलं, ते अजून इथेच जागा अडवून बसलंय.

मजा म्हणजे मॅकचा पसारा मॅकवर दिसत नाही आणि विंडोजचा विंडोजवर. तो दिसायला परक्या घरी जावं लागतं. मी हे सगळं मन लावून पुसतो. पुढच्या वेळी परत येणार हे माहीत असतं, तरी पुसतो.

तिघांनाही इथे लिहिता आलं याचं कारण पेन ड्राइव्ह फॅटचा आहे. फॅट ही फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत. फॅट १९७७ची, फ्लॉपीच्या काळातली. तिला फाइलचा मालक कोण हे कळत नाही. फाइल शेवटची कधी बदलली हे ती दोन-दोन सेकंदांच्या उड्यांनी लिहिते, म्हणजे तिच्या जगात विषम सेकंद उगवतच नाही. तिची तारीख १९८०च्या आधी जात नाही. फॅट-३२ १९९६मध्ये आली, तीही फाइलचा आकार ३२ बिटांत मांडते, त्यामुळे ४,२९,४९,६७,२९५ बाइटांपर्यंत ठीक, पुढचा एक बाइटही चालत नाही. मोठा व्हिडिओ लिनक्सवरून तिच्यावर चढवून पाहा. चार जीबीपर्यंत निमूटपणे चढतो आणि मग अडतो. पण ती कोणालाही परकी नाही. टीव्ही, कॅमेरा, प्रिंटर, कशालाही लावा, उघडते. हुशार मंडळींचं एकमेकांशी पटत नाही, सगळ्यांचं पटतं ते या अर्धवट म्हातारीशी.

लहानपणी तिचाच एक नियम आम्हाला पाठ होता: नाव आठ अक्षरांचं, मग टिंब, मग तीन अक्षरं. तीही रोमन. निबंधाचं नाव आठांत बसवायचं म्हणजे आधी स्वर गाळायचे आणि नुसत्या व्यंजनांवर भागवायचं. दोन महिन्यांनी स्वतःचीच फाइल ओळखू येत नसे. मग एकेक उघडून बघायची, आणि ती उघडेपर्यंत दुसऱ्या फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण नखाने सरकवत बसायचं, खट्ट, खट्ट, कोणीतरी ओरडेपर्यंत. आत तपकिरी चकती दिसायची. तिच्यावर अक्षरं कुठे असतील ते मी उजेडात धरून शोधलेलं आहे.

१९९५नंतर लांब नावं आली, मग सगळ्या लिप्यांना सामावणारा युनिकोड आला, आणि फाइलला सरळ मराठीत नाव देता यायला लागलं. तिथेही एक गोम आहे. जुन्या मॅकची एचएफएस प्लस ही फाइल सिस्टिम काही अक्षरं सोडवून ठेवते. आपला 'दुसऱ्या'तला ऱ ती एक अक्षर म्हणून ठेवतच नाही. साधा र आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब, असे दोन तुकडे करते. पडद्यावर काही फरक नाही. पण लिनक्स नावाकडे अक्षर म्हणून बघत नाही, बाइट म्हणजे नुसते आकडे म्हणून बघतं. त्यामुळे 'दुसऱ्या दिवशीचे फोटो' हा फोल्डर लिनक्सवरून मॅकवर आणि मॅकवरून परत असा फिरला, की एकाच नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी उभे राहतात. आतले फोटो तेच. एकदा मी नावं मोठी करून, चष्मा लावून, मात्रान् मात्रा ताडून पाहिली होती. रेसभर फरक नाही! 'सगळ्या'चं काही बिघडत नाही, 'दुसऱ्या'चंच बिघडतं. वऱ्हाडी मंडळींनी तर लग्नाच्या फोल्डरला नाव देताना जपूनच राहावं.

विंडोजची फाइल सिस्टिम एनटीएफएस, १९९३ची. मॅक ती वाचतो, पण आपणहून तिच्यावर लिहीत नाही. लिनक्स लिहितं, तेही कधीकधी अडून बसतं. कारण विंडोज ८पासून 'शट डाउन' केलं तरी विंडोज पुरतं बंद होत नाही. पुढच्या वेळी लवकर उठता यावं म्हणून आपली अर्धी अवस्था डिस्कवर मांडून ठेवतं. लिनक्सला ते कळतं आणि ते डिस्क नुसती वाचायला देतं. मला हे वागणं फार सभ्य वाटतं. माणसं इतकं पाळत नाहीत.

याउलट लिनक्सच्या एक्स्ट-फोर या फाइल सिस्टिमची डिस्क विंडोजला लावा. पडद्यावर येतं: वापरण्याआधी ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल, करायची का? जुने मॅकही न कळणाऱ्या फ्लॉपीला असंच विचारायचे. 'मला वाचता येत नाही' एवढं म्हणून कोणी थांबत नाही. मोडी येत नाही म्हणून अख्खं दप्तर रद्दीत घालायला निघावं, तसं. आणि ओळख पटायला असं काय लागतं? डिस्कच्या सुरुवातीच्या हजारेक बाइटांनंतर एक्स्ट-फोर आपली खूण ठेवते, ईएफ ५३. दोन बाइट! तेवढे वाचून 'ही लिनक्सची दिसते, तिकडे लावून बघा' एवढं सांगता आलं असतं.

आपल्याला काय, आपण 'नाही' म्हणतो आणि डिस्क दुसरीकडे लावतो. पण एखादा माणूस जातो आणि त्याच्या खणात तीन डिस्क राहतात. घरच्यांना त्याचे फोटो हवे असतात, काही कागदपत्रं हवी असतात, ते बिचारे हाताशी असलेल्या संगणकाला डिस्क लावतात. संगणक अगदी अदबीने विचारतो. आणि अदबीने विचारलेल्या प्रश्नाला होच म्हणायचं असतं, असं बहुतेकांना वाटतं.

म्हणून माझ्या प्रत्येक डिस्कवर आता कागदाची पट्टी आहे, ठळक मराठीत: 'रिकामी नाही. लिनक्सला लावा. येत नसेल तर कोणालातरी विचारा.' घरात यावरून माझी भरपूर थट्टा होते. पट्टीही धड चिकटत नाही, डिस्क तापली की सुटते.