बाटली आडवी करायची तर आधी मतदार यादी उघडा

दारूचं दुकान बायांच्या मतदानाने बंद होऊ शकतं, हे आता खेड्यापाड्यांत बहुतेकींना ठाऊक आहे. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. पण मोजणी कशी होते हे फारसं कुणी विचारत नाही, आणि घोडं तिथेच अडतं. आमच्या गावात हे कसं पार पडलं ते म्हणून जरा सविस्तर लिहिते. गाव खान्देशातलं, तापीकाठचं. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दुकानवाले नाना आमच्याच भाऊबंदकीतले आहेत आणि लग्नकार्याला समोरासमोर बसावं लागतं.

दुकान सरकारमान्य देशीचं, सीएल-३ परवान्याचं, मराठी शाळेकडे जाणाऱ्या रस्त्यावर. भांडण मात्र दारूवरून सुरू झालं नाही, प्लास्टिकच्या ग्लासांवरून झालं. दुकानामागून नाला जातो आणि तो आमच्या कपाशीच्या बांधाला लागतो. पातळ पांढरे ग्लास, पाण्याचे पाऊच, चखण्याच्या पुड्या, सगळं त्या नाल्यात. पहिल्या मोठ्या पावसात नाला तुंबला की पाणी वावरात. ग्रामपंचायतीने नाला साफ करून दिला, नाही असं नाही. पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत तो पुन्हा भरला. बचत गटाच्या मीटिंगमध्ये हा विषय कितीदा तरी निघाला. शेवटी एक म्हातारी वैतागून म्हणाली, "गल्लास कसाले येचतस माय, दुकानच उचला ना!"

मग चौकशी सुरू केली. २००८ च्या शासन आदेशाप्रमाणे गावातल्या निदान २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली, की जिल्हाधिकारी गुप्त मतदान घ्यायला लावतात. अर्ज जिल्ह्याच्या ठिकाणी, राज्य उत्पादन शुल्क खात्याकडे. सह्या खऱ्या आहेत का, ते पाहायला माणसं गावात येतात, चावडीत बायांना बोलावतात, ओळखपत्र बघतात. इथवर काही अवघड नाही. पाव हिस्सा बाया तर आमच्या गटांच्याच निघाल्या.

सह्या घेताना एक गोष्ट मला नवीन होती. मला वाटलं होतं, पिणाऱ्यांच्या बायका पुढे येतील. पुढे आल्या त्या त्यांच्या आया. बायका म्हणायच्या, "घरी विचारून सांगते." आयांना विचारायचं कुणाला होतं? त्यांनी अंगठे धडाधड उठवले.

आता मोजणीचं. दुकान बंद व्हायचं तर यादीत जेवढ्या महिला मतदार आहेत, त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून नव्हे, यादीच्या निम्म्याहून. समजा यादीत १२०० बाया आहेत. मतदानाला ७०० आल्या, त्यातल्या ५९० जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला. तरी दुकान चालूच राहणार, कारण ६०१ पाहिजेत. म्हणजे जी बाई आली नाही तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला. जी मेलेली आहे पण यादीत जिवंत आहे, तिचंही उभ्या बाटलीला. नानांना प्रचार करायची गरजच नव्हती. त्यांचा प्रचार यादीच करत होती.

हे कळल्यावर आम्ही घोषणा, फेरी सगळं बाजूला ठेवलं आणि यादीची झेरॉक्स काढून गल्लीनिहाय नावं वाचायला बसलो. काय काय निघालं त्यात! करोनात गेलेल्या बाया. लग्न होऊन शिरपूर, साक्री, पाचोऱ्याला गेलेल्या आणि आता स्वतःच्या सुना आणणाऱ्या लेकी. एकाच बाईचं नाव दोनदा, एकदा माहेरच्या आडनावाने, एकदा सासरच्या. आणि उलट बाजूने, गावात नांदणाऱ्या कित्येक सुनांची नावं अजून त्यांच्या माहेरच्याच यादीत.

मयत, गाव सोडून गेलेल्या किंवा दुबार नावांसाठी नमुना ७ भरायचा, सुनांची नावं इकडे आणायला नमुना ८. बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारे, आमच्या शाळेतलेच गुरुजी. एवढे फॉर्म एकदम पाहून ते आधी घाबरले, पण माणूस कामाचा. शाळा सुटल्यावर ओट्यावर बसून त्यांनी एकेक तपासला.

खरी कटकट घराघरांत झाली. मेलेल्या सासूचं नाव काढायला लोक तयार नाहीत. का? तर रेशन कार्डावरून नाव जाईल आणि धान्य कमी होईल. मतदार यादीचा आणि रेशनचा काही संबंध नाही, हे सांगून सांगून तोंड दुखलं. लेकींची नावं काढायला त्यांचे भाऊ लगेच तयार, एका पायावर! तेवढ्यात दोन-तीन लेकींचे फोन आले, "मनं नाव कसाले काढतस? सातबारावरथून बी काढशात का?" त्यांचा संशय अगदीच वेडा होता असं मी म्हणणार नाही. भाऊ एवढ्या तत्परतेने सही देतो म्हटल्यावर कोणत्याही बहिणीला शंका येईल. मग प्रत्येकीला फोनवर समजावलं, की हे मतदानाचं नाव आहे, जमिनीचा हक्क याच्याशी बांधलेला नाही, आणि सासरच्या यादीत नाव लावून घे म्हणजे तिथे मत देता येईल.

हे सगळं मतदानाची तारीख पडायच्या आत उरकायला हवं, कारण मतदान त्या वेळच्या मंजूर यादीवर होतं. म्हणून अर्ज देण्याआधीच यादीला हात घाला. आमचं निम्मं काम अर्ज देण्याआधी झालं होतं, ते माझ्या जावेच्या हट्टामुळे. ती बारावी शिकलेली, हिशेबाला पक्की.

यादी साफ झाली तरी सुरतवाल्या उरल्याच. खान्देशातल्या कोणत्याही गावाचं एक टोक सुरतच्या उधना-लिंबायतमध्ये असतं. आमच्याही बऱ्याच बाया तिकडे साड्यांना खडे लावायच्या, लेस लावायच्या कामाला. नावं गावच्याच यादीत, कारण निवडणुकीला आणि आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्या येतात. त्यांना फोन लावले. "येसू ना, पन गाडीभाडं कोन देई?" हा पहिला प्रश्न. गटाच्या पैशांतून भाडं द्यायचं नाही, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. उद्या कुणी बोट दाखवायला नको. ज्यांच्या सासवा गावात होत्या, त्या सासवांनी स्वतः फोन करून बोलावलं. आमच्या शंभर फोनांपेक्षा तो एक फोन भारी पडला.

तारखेचा घोळ वेगळाच. पहिली तारीख सुचवली गेली ती आखाजीच्या तोंडावर. कागदावर बरी दिसते, सणाला सगळे गावात असतात. पण आखाजीला गावात असतात त्या माहेरवाशिणी, आणि त्यांची नावं तर आम्ही नुकतीच काढलेली! आमच्या सुना त्या आठवड्यात झोके खेळायला आपापल्या माहेरी. म्हणजे गाव बायांनी भरलेलं आणि मतदार मात्र बाहेर. आम्ही तहसीलदार साहेबांना लेखी विनंती दिली. नायब तहसीलदार मॅडम स्वतः धुळ्याकडच्या निघाल्या, त्यांना आखाजी समजावून सांगावी लागली नाही. तारीख पुढे गेली.

विरोध झालाच. नानांनी कधी आवाज चढवला नाही, पण पारावर एकच मुद्दा फिरत राहिला : सरकारी दुकान बंद केलं तर हातभट्टी येईल, सातपुड्याकडून, मध्य प्रदेशातून चोरटा माल येईल, मग काय कराल? मुद्दा खोटा नाही. आमचं उत्तर एवढंच होतं, की हातभट्टी आजही येते, आणि तिच्यावर पोलिसांत तक्रार तरी करता येते. परवान्याच्या दुकानाविरुद्ध कुठे जायचं?

म्हाताऱ्यांना चिन्ह समजावणं हेही एक काम होतं. गल्लीगल्लीत ताटात रिकामी बाटली घेऊन फिरलो, उभी करून दाखव, आडवी करून दाखव. एकीला वाटलं, आडवी म्हणजे पिऊन आडवा झालेला. शेजारणीने तिला समजावलं, "बाटली आडी व्हयनी म्हंजे मानूस उभा ऱ्हास."

मतदान शाळेतच झालं. पोलीस होते, पडद्याआड शिक्का मारायचा, सगळं खऱ्या निवडणुकीसारखं. दुपारी उन्हात रांग अगदी पातळ झाली, तेव्हा माझा धीर सुटत आला होता. चारनंतर कपाशी निंदून परतलेल्या बाया विळ्यांसकट थेट शाळेत आल्या. पोलीसदादांनी विळे बाहेर ठेवायला लावले. मोजणी लगेच झाली. निम्म्याची रेषा थोडक्या मतांनी ओलांडली. उभ्या बाटलीला पडलेली मतं मूठभरच होती. आमची खरी लढत न आलेल्यांशी झाली. मयत, दुबार आणि गाव सोडून गेलेल्यांची नावं आधी काढली नसती तर आम्ही हरलो असतो, हा हिशेब जावेने त्याच संध्याकाळी मांडून दाखवला.

जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघाला, दुकानाला सील लागलं. नाना वरती अपिलात गेले आहेत. परवाना दुसरीकडे हलवायचाही प्रयत्न चालू आहे असं ऐकते. परवाना म्हणजे मोठी किंमत, ती कुणी अशी सोडत नाही.

आणि ग्लास? शाळेजवळचा नाला यंदा तुंबला नाही. पण ग्लास आता फाट्यावरच्या ढाब्याबाजूला दिसतात, कारण पिणारे तिकडे जातात. राज्यात प्लास्टिकच्या ग्लास-ताटल्यांवर २०१८ पासून बंदी आहे, केंद्राची १ जुलै २०२२ पासून. किराणा दुकानात मात्र पाकीट मागितलं की मिळतं. ठिबकची जुनी नळी असती तर भंगारवाल्याने वजन करून नेली असती. जळगावच्या कारखान्यांत जुन्या प्लास्टिकच्या चटया होतात हे इथलं पोरसुद्धा सांगेल. हे पातळ, खरकटे ग्लास फुकटही कुणी नेत नाही. म्हणून ग्रामसभेत ग्लास विकणाऱ्यावर दंडाचा ठराव मांडला. सरपंच भाऊ हसून म्हणाले, "आता याच्यासाठीही मतदान घ्यायचं का आक्का?" मी म्हटलं, याला मतदान लागत नाही, पावतीपुस्तक लागतं. ठराव मंजूर झाला, पावतीपुस्तकही छापून आलं. पहिली पावती अजून फाटलेली नाही.