तुम्ही विचारलंत म्हणून : बर्नियेच्या यादीतले विजापूर

शिवकालावरचे व्याख्यान संपले की श्रोत्यांपैकी कोणीतरी हमखास विचारते, ‘त्या वेळचे युरोपीय विद्वान आपल्याला कोणत्या वंशाचे समजत होते?’ गोऱ्यांनी स्वतःला वर आणि बाकी सगळ्यांना खाली ठेवले, हे उत्तर विचारणाऱ्याच्या मनात बहुधा तयारच असते. मी मात्र आधी ‘कोणत्या साली?’ असे विचारतो.

सुरतेच्या 1664च्या लुटीच्या हकिकतीमुळे फ्रान्स्वा बर्निये हा फ्रेंच वैद्य आपल्या परिचयाचा आहे. औरंगजेबाचा उमराव दानिशमंदखान याच्या पदरी त्याने काही वर्षे काढली आणि मायदेशी परतल्यावर 1684 मध्ये पॅरिसच्या एका विद्वानांच्या नियतकालिकात, स्वतःचे नाव न घालता, एक छोटा लेख छापला. भूगोलकार पृथ्वीची वाटणी देशांनुसार करतात, आपण ती माणसांच्या शरीरांवरून करतो, असे त्याचे म्हणणे होते आणि त्यासाठी त्याने ‘रास’ हा शब्द योजला. तोवर हा शब्द फ्रेंचमध्ये सरदार घराण्यांसाठी किंवा घोड्या-कुत्र्यांच्या पैदाशीसाठी चालत असे. (आपला ‘वंश’ही आधी सूर्यवंश-चंद्रवंशातला, म्हणजे कुळाचाच.)

त्याने चार-पाच गट पाडले. पहिल्या गटात जवळजवळ सगळा युरोप, उत्तर आफ्रिका, अरबस्तान, इराण, मुघलांचे राज्य, गोवळकोंडा आणि चक्क विजापूर. हिंदी लोक काळेसावळे असतात हे इतकी वर्षे इथे राहिलेल्या माणसाला दिसत नव्हते असे नाही. पण तो रंग उन्हामुळे आलेला, वरवरचा, आणि जे उन्हात फिरत नाहीत ते पुष्कळशा स्पॅनिश माणसांपेक्षा काळे नसतात, असे तो लिहितो. दुसऱ्या गटाकडे, म्हणजे उरलेल्या आफ्रिकेकडे, वळताच मात्र हे ऊन मावळते. तिथल्या माणसांना थंड देशात नेले तरी त्यांची मुले काळीच निपजतात, तेव्हा कारण बीजात किंवा रक्तात शोधले पाहिजे, असे तो म्हणतो. हिंदी माणसाला ही कसोटी त्याने लावलीच नाही. माझ्या मते सगळा लेख या एका जागी उघडा पडतो.

त्याची पाहणी किती तोकडी होती पाहा. युरोपच्या अगदी उत्तरेकडच्या लॅप (आजचे सामी) लोकांचा त्याने स्वतंत्र गट केला, त्यांना ओंगळ जनावरे म्हटले, आणि प्रत्यक्षात पाहिले होते ते डान्झिगमध्ये (पोलंडमधले आजचे ग्दान्स्क) दोघांना. आफ्रिकी स्त्रियांच्या सौंदर्याची तो तोंडभरून स्तुती करतो, पण त्या त्याने पाहिल्या येमेनच्या मोखा बंदरात, विक्रीसाठी विवस्त्र उभ्या केलेल्या. त्यांची किंमत इतरांच्या तिप्पट सांगत होते, हेही तो नोंदवतो.

रंगाचा विचार तो केवळ युरोपातून घेऊन आला होता, असेही मला वाटत नाही. आपल्या प्रवासवर्णनात तो सांगतो की मुघल दरबारात परदेशी, गोऱ्या तोंडाचा आणि मुसलमान असला की माणूस ‘मोगल’ म्हणून खपे, आणि बाहेरून आलेल्यांच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीतल्या सावळ्या झालेल्या मुलांना नव्या पाहुण्यांइतका मान मिळत नसे.

आता पुढची साले. स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनिअस याने सजीवांचे वर्गीकरण करणाऱ्या आपल्या ग्रंथाच्या 1758च्या आवृत्तीत चार खंडांना चार रंग आणि चार स्वभाव वाटून दिले, तेव्हा आपण युरोपीयांच्या रांगेतून उठून आशियाई झालो : फिकट पिवळे, खिन्न, लोभी आणि मतांच्या आधाराने चालणारे. युरोपीयाच्या वाट्याला अर्थातच कायदा आला. मग 1795 मध्ये जर्मनीतल्या गॉटिंगेनच्या ब्लूमेनबाख या शरीरशास्त्रज्ञाने कवट्या मांडून पाच गट केले, त्यांतल्या एकाला ‘कॉकेशियन’ हे नाव दिले आणि त्याची पूर्वेकडची हद्द गंगेवर आखली, त्यामुळे विजापूर पुन्हा युरोपाच्या पंगतीत आले आणि गंगेपलीकडची माणसे दुसऱ्या गटात गेली.